इंजिन चालू, चावी आत आणि दार बंद: ट्रकचालकाने काय करावे

तुम्ही कळवलेला प्रसंग थोडक्यात असा आहे: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंगचा माल भरून तुम्ही पुण्याकडे निघालात, संकेश्वरच्या अलीकडे पहाटे चहासाठी गाडी बाजूला घेतलीत आणि केबिन गार राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवलेत. क्लीनर त्याच्या बाजूने उतरला आणि सवयीप्रमाणे बटण दाबून त्याने दार ओढून घेतले. तुमचे दार अर्धवट उघडे होते. ते शेजारून गेलेल्या कंटेनरच्या झोतासरशी आपटले आणि त्याचेही बटण खाली बसले. चावी इग्निशनमध्ये, मोबाइल डॅशबोर्डवर, कागदपत्रे सीटमागच्या पिशवीत. पाऊण तास सळया घालून पाहिल्यावर तुम्ही तुमच्या बाजूची काच फोडलीत आणि मालकाने त्या काचेचे पैसे पगारातून कापले. काच फोडण्यात माझी चूक झाली का, आणि पुन्हा असे घडले तर काय करावे, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

बेळगावच्या ऑटोनगरात गेली सत्तावीस वर्षे मी ट्रकच्या केबिनची कामे करतो, म्हणजे दारे, कुलपे, काचा आणि त्यांची वायरिंग. निपाणीपासून हिरेबागेवाडीपर्यंतच्या महामार्गावर आणि खानापूरच्या बाजूला बंद गाड्या उघडायला मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद ठेवलेली नाही. त्या अनुभवावरून सांगतो, की काच फोडणे हा तुमचा गुन्हा नव्हता. मात्र फोडायची काच तुम्ही चुकीची निवडलीत, आणि त्याआधीच्या पाऊण तासात जे सर्वांत आधी करायला हवे होते त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही.

उतरताना हँडब्रेक लावला होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. “एका मिनिटात येतो” म्हणून उतरलेला चालक पुष्कळदा तो लावत नाही किंवा अर्धवट लावतो. इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकच्या गाडीत हवा हळूहळू उतरते आणि स्प्रिंग ब्रेक असल्यास तो आपोआप चाके धरतो. इंजिन चालू असेल तर कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत राहतो, त्यामुळे न लावलेला ब्रेक आपण होऊन कधीच लागत नाही, आणि इंजिनाच्या थरथरीने गाडी केव्हा सरकेल याचा नेम राहत नाही. वंटमुरीच्या उतारावर मला एकदा अशाच गाडीसाठी बोलावले होते. ब्रेक लावल्याची चालकाला खात्री होती. तरीही मी आधी मागच्या चाकांपुढे चार मोठे दगड ठेवायला लावले. दार उघडून आत पाहिले तर ब्रेकचा खटका अर्ध्यावर होता, आणि तेवढ्या वेळात गाडी दगडांवर दोन बोटे चढून बसली होती. म्हणून दाराला हात लावण्याआधी चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे ठेवावेत. उतार असेल तर उताराच्या बाजूने, सपाटी असेल तर चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे. हे काम होईपर्यंत गाडीच्या पुढे किंवा मागे कोणाला उभे राहू देऊ नये. गाडी महामार्गाच्या कडेलाच असेल तर मागे काही अंतरावर झाडाच्या फांद्या किंवा रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा आणि दुसऱ्याच्या फोनवरून महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर कळवावे, म्हणजे गस्तीची गाडी येऊन मागची वाहतूक तरी सांभाळते.

दुसरी बाब चालू इंजिनाची. जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास सांगतो, की बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे वीज तोडण्याचा खटका, फिरवा म्हणजे गाडी बंद पडेल. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत हा सल्ला मुळीच मानू नये. इंजिन चालू असताना बॅटरी तोडली, की अल्टरनेटरच्या विजेचा उसळलेला दाब थेट इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर जाऊ शकतो. शिवाय धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या यंत्रणेला चावी बंद झाल्यावर नळ्यांतला युरिया मागे ओढून घ्यायला थोडा वेळ लागतो. तो न मिळाल्यास युरिया नळीतच सुकून त्याचे खडे होतात. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने ओढून इंजिन बंद करता येते, पण फिरत्या पंख्याजवळ हात घालण्याचे ते काम सराव असलेल्यानेच करावे. मोठे इंजिन उभ्या जागी तासाला साधारण दोन ते तीन लिटर डिझेल जाळते. दोन तास चालू राहिले तरी चार ते सहा लिटर गेले, इतकाच त्याचा अर्थ. त्यापायी कंट्रोल युनिट जाळून घेण्यात कसलाही शहाणपणा नाही. बाहेरून पंप मारून केबिन उचलण्याचा सल्लाही असाच टाळावा. बंद केबिनमध्ये पाण्याचा कॅन, स्टो, डबे, जॅक असे सुटे सामान असते. केबिन पुढे झुकली की ते सगळे समोरच्या काचेवर येऊन आदळते. बाजूची काच वाचवायला जाऊन समोरची काच फुटल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

यानंतर आत कोणी आहे का, हे पाहावे. क्लीनर मागच्या बाकावर झोपलेला असतो, चालक खाली उतरतो, झोपेत क्लीनरचा हात लागून बटण बसते, असेही घडते. हाका मारून, दार वाजवून तो उठला तर प्रश्न मिटला. उठत नसेल, केबिन बंद असेल आणि इंजिन चालू असेल किंवा आत स्टो पेटवलेला असेल, तर पुढे या उत्तरात जे काही लिहिले आहे ते बाजूला ठेवून हाताला येईल ती बाजूची काच तत्काळ फोडावी आणि १०८ ला फोन करावा, कारण बंद जागेत साठणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

हे प्रकार अलीकडे वाढले आहेत आणि पुढे आणखी वाढतील, असे माझे मत आहे. पूर्वी ट्रकची काच वर चढवण्याचा प्रसंग पावसाळ्यातच येत असे. एरवी ती अर्धी खाली असायची, आत हात घातला की दार उघडायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. चालकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागात इंजिनाशेजारी बसून गाडी चालवणे काय असते ते तुम्हाला सांगायला नको. पण एसी म्हटला की काचा पूर्ण बंद राहणार, आणि गारवा टिकवण्यासाठी इंजिन चालू ठेवून उतरण्याची सवयही लागणार.

आता दार उघडण्याकडे येऊ. कार उघडणारे लोक हवेची पिशवी दाराच्या फटीत फुगवतात आणि लांब सळई आत घालतात. ट्रकच्या दाराची चौकट जाड पत्र्याची असते; ती जोर लावून वाकवली की परत जागेवर बसत नाही, आणि मग खानापूर-चोर्ल्याच्या पावसात त्याच फटीतून पाणी आत झिरपून वायरिंगवर ठिबकत राहते. काचेच्या खालच्या रबरातून पोलादी पट्टी दारात खुपसण्याचा प्रकार जुन्या गाड्यांत चालून जात असे. पॉवर विंडोच्या गाडीत मात्र त्या पोकळीतून वायरी गेलेल्या असतात आणि पट्टी आधी त्यांना कापते. तुमच्या गाडीसारखे वर येणारे बटण असेल तर सर्वांत कमी नुकसानीचे साधन बहुतेक वेळा तुमच्या मालावरच सापडते, ते म्हणजे खोक्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पॅकिंग पट्टी. दीड-दोन हात लांबीची पट्टी मधोमध दुमडावी, दुमडलेले टोक दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातून, रबर बोटाने किंवा लाकडी पाचरीने जरा दाबून, आत सरकवावे, आणि आत गेल्यावर दोन्ही पदर एकमेकांकडे ढकलले की टोकाशी फास उघडतो. तो बटणाच्या डोक्यावर उतरवून एक पदर ओढला की फास आवळतो आणि मग सरळ वर खेचायचे. बटणाला वर फुगीर डोके असेल तरच हे जमते. झिजून गुळगुळीत झालेल्या बटणावरून फास निसटतो. दहा-पंधरा मिनिटांत जमले नाही तर सोडून द्यावे, कारण त्यानंतर माणसाला राग येऊ लागतो आणि रागाच्या भरात रबर फाटते.

काच दोन बोटे जरी उघडी असेल, तर हेच काम नाडीच्या फासाने आणखी सोपे होते. काही जुन्या गाड्यांत बाजूची लहान काच रबर बीडिंगमध्ये बसवलेली असते. ते रबर बाहेरच्या ओठाने सोडवून काच अखंड काढता येते आणि नंतर परत बसवता येते. ज्याने हे काम पूर्वी केले आहे त्यानेच ते करावे.

चावीवाल्याला बोलावायचे ठरले, तर तो तुमच्याकडे मालकीची खूण मागेल, आणि त्याने ती मागायलाच हवी. महाराष्ट्राच्या नंबरची गाडी, कर्नाटकातली जागा, पहाटेची वेळ आणि कागदपत्रे आत. अशा वेळी कोणीही कुलूप उघडून देत असेल तर उद्या तो तुमची गाडी दुसऱ्यालाही उघडून देईल. मी स्वतः असे करतो: मालकाशी फोनवर बोलतो, त्यांच्याकडून आरसीचा फोटो मागवतो आणि चासीवर ठोकलेला सतरा अक्षरी नंबर त्याच्याशी ताडून पाहतो. हा नंबर बहुधा उजव्या बाजूच्या चासीपट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास असतो. चिखल पुसला की टॉर्चच्या उजेडात वाचता येतो, त्यासाठी केबिन उघडावी लागत नाही. अडचण अशी असते, की मालकाचा नंबर चालकाच्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल आत. मालकाचा, घरचा आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसचा असे तीन नंबर कागदावर लिहून तो कागद लायसन्ससोबत पाकिटात ठेवावा, आणि पाकीट अंगावर.

बोलण्याचीही एक गंमत येथे सांगतो. आपण “किल्ली आत राहिली” म्हणतो. कन्नड बोलणाऱ्याच्या कानाला ती “कीली” वाटते, आणि आपल्या भागात “कीली हाकू” म्हणजे कुलूप लाव. किल्लीला ते “कीलीकै” म्हणतात. त्यामुळे फोनवर समोरच्याला वाटते की कुलूप बिघडले आहे, आणि तो पान्हे घेऊन येतो. हुक्केरी-गोकाकच्या बाजूला फोन करताना सरळ “चावी” म्हणावे, आणि गाडी कोणत्या कंपनीची, चावी चिपची (जिची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही ती) की साधी, दाराचे बटण वर येते की हँडलमध्ये आहे, एवढे सांगावे.

वाट पाहण्यात वेळ गेला तर ई-वे बिलाकडे, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाकडे, लक्ष ठेवावे. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच काळात ती वाढवून मिळते. बेळगाव-पुणे अंतरात सहसा अडचण येत नाही, पण बंगळूरहून गुजरातकडे निघालेली गाडी आधीच उशिरात असेल, तर ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन करून मुदत वाढवून घेणे हे दार उघडण्याइतकेच महत्त्वाचे काम ठरते.

आता काच फोडण्याविषयी. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा; ती फोडली तरी आत जाता येत नाही आणि खर्च मात्र सर्वांत मोठा येतो. दारांच्या काचा टफन केलेल्या असतात, त्या फुटल्या की बारीक दाणे होतात. तुम्ही चालकाच्या बाजूची फोडलीत, येथे निवड चुकली. क्लीनरच्या बाजूची फोडली असती तर दाणे तुमच्या सीटवर आणि पेडलपाशी पडले नसते, आणि पुढचे तीनशे किलोमीटर वारा-पाऊस थेट तुमच्या कानाशी आला नसता. आरशाकडे पाहताना डोळ्यांत धूळ जाणे हा किरकोळ त्रास नव्हे. ओव्हरटेक करताना त्याची किंमत कळते. दारात लहान स्थिर काच असेल आणि तिच्यातून हात बटणापर्यंत पोचत असेल तर तीच निवडावी. फोडण्याआधी काचेवर चिकटपट्टी उभी-आडवी लावावी, डोळ्यांवर काहीतरी घ्यावे, आणि चाकाच्या पान्ह्याच्या टोकाने काचेच्या खालच्या कोपऱ्यात मारावे. मध्यभागी मारलेला घाव काच बहुतेक वेळा परतवून लावते आणि पान्हा आपल्याच हातावर येतो.

पैसे कापल्याबद्दल मला जे वाटते ते स्पष्टच लिहितो. प्रत्येक नव्या गाडीबरोबर दोन चाव्या येतात. दुसरी चावी कोठे असते? मालकाच्या कपाटात. ती तेथे का असते, हेही सर्वांना ठाऊक आहे: चालकाने दुसऱ्याला गाडी देऊ नये, डिझेल काढू नये, परस्पर भाडे मारू नये. मालकाची काळजी अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही, कारण तशी उदाहरणे मीही पाहिली आहेत. पण कोल्हापुरातल्या कपाटातली चावी संकेश्वरच्या चालकाला काहीच उपयोगाची नाही, आणि ती तेथे ठेवण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याने काचेचा निम्मा तरी भार उचलायला हवा.

दोघांनाही मान्य होईल असा एक मार्ग आहे आणि तो मी गेली काही वर्षे प्रत्येक मालकाला सुचवतो. ज्या गाडीच्या चावीत चिप असते, त्या गाडीची चिप नसलेली साधी नक्कल कापून घ्यावी. अशी चावी दाराचे कुलूप उघडते, इग्निशनमध्ये फिरतेसुद्धा, पण चिप ओळखली जात नसल्याने इंजिन सुरू होत नाही. म्हणजे ती हरवली तरी गाडी चोरीला जाण्याची भीती फारशी नाही, आणि मालकाच्या मनातल्या शंकेलाही जागा राहत नाही. चिपच्या पूर्ण चावीच्या तुलनेत तिचा खर्च अगदी किरकोळ येतो. ही चावी चालकाने करदोट्याला, गळ्यातल्या दोरीला किंवा पँटच्या आतल्या खिशात, म्हणजे अंगावरच ठेवावी. काही जण ती बंपरच्या आत चुंबकाने चिकटवतात. तसे करू नये. ती जागा चालकाआधी चोराला ठाऊक असते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत चुंबक किती दिवस टिकेल हा वेगळाच प्रश्न. जुन्या, चिप नसलेल्या गाड्यांत मात्र नक्कल ही पूर्ण चावीच असते, त्यामुळे ती कोणाकडे राहणार हे मालकाने आणि चालकाने समोरासमोर बसून ठरवावे.

नक्कल नेहमी कारखान्यातून आलेल्या मूळ चावीवरून करावी. झिजलेल्या चावीवरून काढलेली नक्कल ती झीज घेऊनच जन्मते, आणि नकलेवरून नक्कल काढली की तिसरी चावी कुलपात अडकून तुटते. तुटलेला तुकडा कुलपात राहिला तर गोंद लावून काढण्याचा खटाटोप करू नये. गोंद कुलपातच बसतो. सोनाराच्या करवतीचे बारीक पाते दातांची बाजू चावीच्या कडेला टेकवून आत सरकवावे आणि हलके वळवून बाहेर ओढावे, म्हणजे तुकडा दातांत धरून येतो. कुलपात इंजिन ऑइलही घालू नये. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांमधली वाळूची भुकटी किंवा खानापूरची तांबडी धूळ त्या तेलात मिसळली की आत लेप तयार होतो आणि पिना वर-खाली होईनाशा होतात. ग्राफाइटची कोरडी पूड वर्षातून दोनदा पुरते.

राहता राहिले तुमच्या दाराचे बटण. नुसते आपटल्याने ते खाली बसले याचा अर्थ आतल्या सळईची प्लॅस्टिकची क्लिप झिजली आहे किंवा तुटली आहे, आणि ती न बदलता गाडी चालवत राहिलात तर हाच प्रसंग पुन्हा येईल. तुम्ही लिहिता की नवी काच बसवून झाली. बसवणाऱ्याने दाराचे आतले पॅनेल उघडून काचेचे दाणे बाहेर काढले का, हे विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी वरवरचे झाडून काढतात. उरलेले दाणे दाराच्या तळाशी साठून पाणी जाण्याची भोके बुजवतात, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दारात पाणी साचून कुलपाच्या सळया गंजू लागतात. पॅनेल एकदा उघडायला लावा, दाणे ओढून घ्या, तळाची भोके तारेने मोकळी करा आणि त्याच वेळी दोन्ही दारांच्या क्लिपा बदलून घ्या.